वाहनाची भूमी कोठे संपते? त्रिरश्मीच्या पायथ्याशी पायवाटा व सायकलमार्ग

(द्वारका, नाशिक येथे संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. उद्यानातील वाहनांची कोंडी, पायवाट, सायकल हे विषय महानगरपालिकेच्या अभियंत्यांचे; त्यावर कल्याणकारी संस्थेने काय बोलावे, असे एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस विचारलेही. त्यांस आम्ही एवढेच म्हणालो की, बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मीच्या पायथ्याशी चला, मग बोलू.

पायथ्याशी काय आहे हे आपणांस ठाऊक आहे. वर डोंगराच्या कड्यात चोवीस लेणी. खाली वनविभागाचे नेहरू वनोद्यान, त्याला लागून दादासाहेब फाळके स्मारक आणि आपले बुद्ध स्मारक. २०२३ च्या ऑक्टोबरात श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाबोधीवृक्षाची फांदी येथे लावण्यात आली, तेव्हापासून येणाऱ्यांची ओढ आणखी वाढली आहे. एकाच डोंगराच्या कुशीत बाग, स्मारक, वन आणि लेणी असे सर्व एकत्र मिळणारी जागा महाराष्ट्रात फार थोडी असेल. आणि या सर्वांच्या तोंडाशी मुंबई-आग्रा महामार्ग. सणावाराला, सुटीच्या दिवशी मोटारी, रिक्षा, टेम्पो, दुचाकी सर्व एकाच अरुंद जागेत शिरतात. प्रत्येकाला फाटकाशीच उतरायचे असते. फाटकाशी जागा नसते, म्हणून गाडी फिरते, उलटी येते, थांबते. तिच्यामागे दुसरी थांबते. त्या दोघींच्या मधून पांढरी साडी नेसलेली एखादी आजी नातवाचा हात धरून वाट काढते. ज्या स्थळी मन शांत व्हावे म्हणून ती आली, तेथे पहिली पंधरा मिनिटे तिचे लक्ष फक्त चाकांकडे असते.

हे असेच चालायचे काय, हा आजचा प्रश्न आहे.

आम्ही याचे उत्तर आधी आपल्याच घरात शोधले. पाली भाषेत 'आराम' या शब्दाचा अर्थ उद्यान. संघाला मिळालेले पहिले दान म्हणजे राजगृहाचे वेळुवन, म्हणजे एक बागच. राजा बिंबिसाराने ती जागा निवडताना कोणता विचार केला, हे विनयपिटकात सांगितले आहे. जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. लोकांना जाण्यायेण्यास सोयीची असावी. दिवसा तेथे गर्दी नसावी व रात्री गलबला नसावा. आजच्या नगररचनाकाराने उद्यानासाठी जागा निवडण्याचे निकष लिहायला घेतले, तर यापेक्षा वेगळे काय लिहील? आपली त्रिरश्मी याच मापाची आहे. जुन्या नाशिकपासून आठ-एक किलोमीटर. भिक्षेसाठी गावात जाऊन परत येता येईल इतकी जवळ, आणि बाजाराचा आवाज पोहोचणार नाही इतकी दूर. ही लेणी कोरणाऱ्यांनी अंतर पायांनी मोजले होते. आज ते अंतर आपण दहा मिनिटांत कापतो आणि बाजाराचा आवाज सोबत घेऊन जातो.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. सुत्तांमध्ये एखादा राजा किंवा श्रेष्ठी भगवान बुद्धांच्या भेटीला निघतो, तेव्हा एक वर्णन पुनःपुन्हा येते. जेथवर वाहनाची भूमी आहे तेथवर तो वाहनाने जातो, मग खाली उतरून पायी चालू लागतो. अजातशत्रू जीवकाच्या आम्रवनात गेला तो हत्तीवरून. त्यालाही हत्तीची भूमी संपताच उतरावे लागले. मित्रहो, 'वाहनाची भूमी' हा शब्द आपण लक्षात ठेवावा. वाहन वाईट असे तेथे कोणी म्हटलेले नाही. राजा रथातून आला यात दोष काढलेला नाही. परंतु रथाला एक हद्द होती, आणि ती राजालाही लागू होती. आज उद्यानांच्या वाहतुकीवर जगभर जे काही बोलले व केले जात आहे, त्याचे सार हेच आहे. वाहनाची भूमी कोठे संपते ते आधी ठरवा, आणि तेथून पुढची वाट चांगली करा. आपल्याकडे पहिले कोणी ठरवत नाही आणि दुसरे कोणी करत नाही.

तिसरा पुरावा तर आपल्या डोंगरावरच कोरलेला आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. विद्यार्थ्यांनी तो अवश्य समजून घ्यावा. आपण काय काय दान केले याची यादी त्याने त्यात दिली आहे. तीत गाईंचे व सोन्याचे दान आहे, तसेच बागा, तळी, विहिरी आहेत, प्रवाशांसाठी निवारे आहेत. आणि पारदा, दमण, तापी, डाहणुका अशा नद्यांवर फुकट नावेची सोय आहे. एवढेच नव्हे, तर त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसण्याच्या जागा व पाणपोया आहेत. दोन्ही तीरांवर, हे शब्द आम्हांला फार महत्त्वाचे वाटतात. नाव दिली की काम संपले असे त्याने मानले नाही. अलीकडच्या काठावर वाट पाहणाऱ्याला सावली हवी, पलीकडे उतरणाऱ्याला पाणी हवे, याचा विचार सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी झालेला होता. आज महामार्ग हीच आपली नदी आहे. तिच्या दोन्ही तीरांवर आपली बस थांबते तेथे काय आहे, ते आपण पाहतोच.

त्याच लेण्यात आणखी एक हिशेब आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम मोडायची नाही, व्याजातून वर्षावासातील भिक्खूंचा खर्च चालवायचा. बांधकाम आणि देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व देखभालीचा पैसा बांधतानाच बाजूला काढावा लागतो, हे त्या माणसाला कळत होते. आपल्या शहरात उद्घाटनाची कोनशिला दिसते, पुढच्या वर्षी दिवा कोण बदलणार हे कोठेही लिहिलेले नसते.

आता थोडे शास्त्र पाहू. उद्यानापाशी कोंडी झाली की पहिली मागणी येते ती रस्ता रुंद करा आणि वाहनतळ मोठा करा अशी. हा उपाय का फसतो? एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. वळायची जागा निराळी. तेवढ्याच जागेत आठ-दहा सायकली राहतात. वाहतुकीचा अभ्यास करणारे सांगतात की शहरात साडेतीन मीटर रुंदीच्या एका पट्टीतून तासाला मोटारींनी साधारण दोन हजार माणसे जातात, सायकलींनी सुमारे चौदा हजार, आणि पायी त्याहूनही अधिक. म्हणजे जागा थोडी आणि माणसे पुष्कळ असतील तर मोटार हे सर्वांत खर्चिक साधन ठरते. वाहनतळ दुप्पट केला तर बागेची जमीन जाते. शिवाय 'आता जागा मिळते' असे कळताच पूर्वी बसने येणारेही गाडी काढतात. लेण्यांच्या बाबतीत तर तो मार्ग कायद्यानेच जवळजवळ बंद आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही व त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगीशिवाय करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने हा नियम अधिक कडक झाला. तेव्हा मोटारीसाठी जागा वाढवायची म्हटली तरी ती वाढणार कोठे?

बाहेरच्या जगात काय झाले ते थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी सेंट्रल पार्क नावाचे मोठे उद्यान आहे. १८५८ साली त्याचा आराखडा करणाऱ्या ओल्मस्टेड व वॉक्स या दोघांनी पायी चालणारे, घोडेस्वार आणि बग्ग्या यांच्या वाटा वेगवेगळ्या काढल्या. जेथे त्या एकमेकींना छेदतात तेथे लहान पूल घातले. आणि शहराची आडवी वाहतूक बागेतून न्यावीच लागणार म्हणून ते चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली खोल नेले. पुढे बग्ग्यांच्या वाटेवर मोटारी आल्या आणि बागेचा रस्ता झाला. तो परत मिळवायला फार काळ लागला. आतल्या फेरीच्या रस्त्यांवरून मोटारी पूर्णपणे हटल्या त्या २०१८ साली. अमेरिकेतच झायन नावाच्या राष्ट्रीय उद्यानात २००० सालापासून हंगामात खासगी गाड्या बाहेर ठेवून लोकांना बसने आत नेतात. जेथे मोटारीचे एवढे वेड, तेथेही मोटारीची हद्द ठरवता येते, एवढेच यातून घ्यायचे.

परंतु अमेरिकेपर्यंत जायचे कारण नाही. आपल्या माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यापर्यंत जाते. तेथे वाहनाची भूमी संपते. पुढे बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा छोट्या आगगाडीने. २००३ साली तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. माथेरानचे कौतुक सर्वजण करतात. आम्ही मात्र त्याची दुसरी बाजूही आपल्यासमोर ठेवणार आहोत. मोटार बंद झाली तेव्हा चालू न शकणाऱ्यांना आणि चालू न इच्छिणाऱ्यांनाही कोणी वाहिले? माणसांनी. हातरिक्षा ओढणारे श्रमिक लाल मातीच्या चढावर माणसे ओढत राहिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून त्या श्रमिकांना ई-रिक्षा देण्याची व्यवस्था करण्यास सांगितले. त्या वेळी सरन्यायाधीशपदी न्यायमूर्ती भूषण गवई होते. स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी माणसाने माणसाला ओढावे काय, हा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही. म्हणून त्रिरश्मीच्या पायथ्याशी गाड्या थांबवा म्हणताना, अपंग व वृद्ध यांच्यासाठी विजेवर चालणारे लहान वाहन आणि बारा फुटांना एक फूट यापेक्षा जास्त चढ नसलेली उतरंड ही आमची पहिल्याच दिवसाची मागणी आहे. ती नंतरच्या टप्प्यावर ढकलली, तर आम्ही त्या योजनेला पाठिंबा देणार नाही.

मुंबईत बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आपल्याला आणखी जवळचे, कारण त्याच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. मुख्य दरवाजापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत. तेथे दरवाजाजवळ भाड्याच्या सायकली मिळत आल्या आहेत, लेण्यांपर्यंत बसची सोय असते, आणि पहाटे पायी जाणारे तर असंख्य. जंगल, बाग व बुद्धलेणी एकत्र असलेल्या ठिकाणी सायकल आणि पायवाट चालू शकते, याचा दाखला शोधायला आणखी लांब जाण्याची गरज नाही.

आता आपल्या द्वारकेवर येऊ. पुण्याचा रस्ता, आग्ऱ्याचा रस्ता आणि सारडा सर्कलकडून जुन्या गावातून येणारा रस्ता येथे भेटतात. वर २०१३ पासून उड्डाणपूल आहे. एके काळी या चौकातून नाशिकरोडच्या छापखान्यांकडे कामगारांच्या सायकली जात. सायकल हा तेव्हा व्यायाम नव्हता, ती रोजीरोटीचे साधन होती. आजही सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे जाणारे कितीतरी मजूर सायकलवरच असतात. त्यांच्या डोक्यावर रंगीत टोप नसतो म्हणून ते सायकलस्वार गणले जात नाहीत. नाशिक सायकलपटूंचे शहर म्हणून गाजते, त्याचा आनंद आहे. पण मार्ग आखताना डबा अडकवलेली सायकल आधी डोळ्यांसमोर यावी.

द्वारकेत पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला गेला. तो वर्षानुवर्षे बहुतांशी रिकामा राहिला आणि लोक वरूनच, गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडत राहिले. लोकांना शिस्त नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमचे मत वेगळे आहे. डोक्यावर बोजा घेतलेल्या बाईला आधी खाली उतरवायचे, मग वर चढवायचे, आणि अंधाऱ्या बोगद्यातून एकटीने जायला लावायचे. मोटार मात्र सपाट रस्त्यावरून सरळ जाणार. यात गैरसोय कोणाच्या वाट्याला घातली? ज्याच्याकडे चाके नाहीत त्याच्या. चालणारा माणूस नेहमी जवळची, उजेडाची आणि सपाट वाट धरतो. त्याला दोष देऊन ही सवय बदलत नाही. आराखडाच तिच्याप्रमाणे करावा लागतो. दुसरा धडा अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या स्मार्ट रस्त्याचा. सव्वा किलोमीटरही नसलेल्या त्या रस्त्यावर पदपथ व सायकलपट्टी केली. परंतु एवढ्याशा तुकड्यासाठी घरून सायकल काढणार कोण? तिच्या दोन्ही टोकांना पुढे वाट नाही, आणि रिकामी पट्टी दिसली की तेथे दुचाकी उभी राहते.

द्वारकेहून त्रिरश्मीपर्यंत सात-आठ किलोमीटर. चालायला दीड-पावणेदोन तास, सायकलला पाऊण तासाच्या आत. वडाळा नाका, मुंबई नाका, मग महामार्गाला समांतर सेवारस्ते, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकची बाजू, राणेनगर, पाथर्डी फाटा, आणि तेथून डोंगर. यातला बराच भाग आजही आहे. जो नाही, तो चौकाचौकांत तुटतो. आणि वाट तेथेच लागते. सबंध सात किलोमीटरचा नवा मार्ग मागण्यापेक्षा ही तुटलेली पाच-सहा ठिकाणे जोडून मागणे शहाणपणाचे, असे आम्हांस वाटते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. सायकलमार्ग किमान दोन मीटर. 'मोकळी' म्हणजे विजेचा खांब, डीपी आणि भेळेची गाडी वगळून. मात्र भेळवाल्याला उठवा असे आमचे म्हणणे नाही. त्याची गाडी पदपथाच्या कडेला आखून द्यावी. तो आहे म्हणून संध्याकाळी त्या वाटेला उजेड आणि वर्दळ असते, व मुली निर्धास्त चालतात.

पायथ्याच्या आत सायकल व पायी चालणारे यांना एकत्र करू नये. चालणारा तासाला चार-पाच किलोमीटर जातो, सायकल बारा-पंधरा. आणि बागेत लहान मूल कधी आडवे धावेल सांगता येत नाही. जेथे दोन्ही वाटांना रुंदी पुरत नाही तेथे सायकल उतरून हातात धरावी. सायकलचीही भूमी कोठेतरी संपतेच. तेथे राखणदार असलेला तळ हवा, कारण सायकल चोरीला जाईल या भीतीने पुष्कळ विद्यार्थी ती आणत नाहीत.

अडचण खरी कोठे आहे? डोंगरावरील लेणी पुरातत्त्व खात्याची, झाडी वनविभागाची, स्मारक महानगरपालिकेचे आणि पुढचा रस्ता महामार्ग प्राधिकरणाचा. चार मालक, प्रत्येकाची स्वतंत्र हद्द. पायी येणाऱ्या माणसाला मात्र ही एकच जागा वाटते. हद्दीच्या सांध्यावर पायवाट तुटते, कारण सांधा कोणाच्याच नकाशात नसतो. म्हणून आपले निवेदन एका कार्यालयाला देऊन उपयोग नाही. चारही ठिकाणी एकच नकाशा द्यावा लागेल आणि चौघांना एका दिवशी पायथ्याशी बोलवावे लागेल.

'लोक ऐकणार नाहीत' असे कोणी म्हणेल. हे शहर दर बारा वर्षांनी ऐकते. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन एकोणचाळीस माणसे दगावली. अरुंद वाटेवर गर्दीचे नियोजन चुकले की काय होते हे नाशिकने पाहिले आहे. २०१५ साली गाड्या शहराबाहेर थांबवल्या, तेथून एसटीने आणि पुढे पायी लाखो लोक गेले. २०२७ साली पुन्हा तसेच होईल. ज्या शहराला लाखोंसाठी वाहनाची भूमी आखता येते, त्याला बुद्धपौर्णिमेच्या आणि रविवारच्या काही हजारांसाठी ती आखणे अशक्य नाही. पाथर्डी फाट्यापर्यंत बस आहे. २०२१ पासून शहर बससेवा महानगरपालिकाच चालवते. सणाच्या दिवशी ती पायथ्यापर्यंत वाढवा, ही मागणी अवाजवी नाही.

तरुण मित्रांनो, चालण्याची वाट हा हक्काचा विषय आहे, हे आपल्या समाजाला निराळे सांगायला नको. १९२३ साली बोले ठरावाने सार्वजनिक जागा कागदावर खुल्या झाल्या. १९२७ साली महाडला चालत जावे लागले तेव्हा पाण्याला हात लागला. १९३० च्या २ मार्चला याच नाशिकच्या रस्त्यांवरून काळाराम मंदिराकडे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची मिरवणूक पायी गेली. त्रावणकोरात १९२४-२५ चा वायकोम सत्याग्रह तर मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून नुसते चालता यावे एवढ्यासाठीच होता. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा वापर हा संविधानाच्या एकविसाव्या कलमाखालील हक्काचा भाग असल्याचे सांगून, अपंगांनाही वापरता येतील असे अडथळामुक्त पदपथ राज्यांनी द्यावेत असे बजावले. निवेदनात या निर्णयाचा उल्लेख सर्वांत वर असावा.

परंतु निवेदनासोबत आकडे लागतात, आणि त्रिरश्मीच्या पायथ्याचे आकडे आपल्याकडे नाहीत. ते विद्यार्थ्यांनी गोळा करावयाचे आहेत. काम सोपे आहे, पण कंटाळवाणे आहे. चार फाटकांवर दोघे-दोघे. सकाळी सहा ते दहा व दुपारी चार ते सात. दर पंधरा मिनिटांची एक ओळ. तीत पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, मोटार व बस असे रकाने, आणि मोटारीत किती माणसे होती त्याचा वेगळा रकाना, कारण आपल्याला माणसे मोजायची आहेत, गाड्या मोजून भागणार नाही. काठी किंवा चाकाची खुर्ची घेऊन आलेल्यांची नोंद निराळी. एक साधा रविवार, एक पावसाळी रविवार आणि एक पौर्णिमा असे तीन दिवस मोजले तर चित्र उभे राहील. लोक रस्ता नेमका कोठे ओलांडतात, तेथे नकाशावर फुली मारावी. ओलांडावा कोठे, हे आपण ठरवून फुली मारू नये.

कोरे तक्ते व पायथ्याचा नकाशा दरवाजाजवळच्या टेबलावर ठेवला आहे. नाव लिहिताना कोणते फाटक आणि कोणती वेळ हेही लिहावे. पहाटेच्या पाळीसाठी द्वारकेहून साडेपाचला निघायचे आहे. ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांनी हवा आणि दिवा आदल्या दिवशीच तपासून ठेवावा, बाकीच्यांनी बसची वेळ विचारून घ्यावी.

जयभीम.